काटा, रक्ताची एक उलटी आणि मधले अठरा तास

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात इथे मांडतो.

मामा ५८ वर्षांचे. दारू नाही, तंबाखू नाही, बीपीची एक गोळी चालू. शनिवारी रात्री तांबोशी माशाच्या कालवणातला काटा अडकला. मामींनी सुक्या भाताचा गोळा न चावता गिळायला लावला, मग केळे दिले. घशातले टोचणे कमी झाले, पण छातीच्या मधोमध आणि पाठीत, दोन फऱ्यांच्या मध्ये, दुखत राहिले. गावातल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. नवव्या दिवशी, रविवारी रात्री अकराला, तांब्याभर लालभडक रक्ताची उलटी झाली आणि आपोआप थांबली. तालुक्याच्या गावी भरती केले, 'लिव्हरचे रक्त असेल' म्हणून औषधे सुरू झाली. सोमवारी दिवसभर मामा ठीक होते, चहा मागत होते. संध्याकाळी पाचला दुर्बीण टाकली आणि तिथल्या तिथे एवढा रक्तस्राव झाला की पंधरा मिनिटांत सगळे संपले. शवविच्छेदनाच्या अहवालात 'महाधमनी-अन्ननलिका फिस्टुला' असे लिहिले आहे. फिस्टुला म्हणजे शेजारच्या दोन नळ्यांमध्ये नको तिथे पडलेली आरपार वाट. काटा सापडला नाही.

तुमचे प्रश्न असे: हे नेमके काय असते? काटा सापडलाच नाही, तर काट्यामुळे झाले असे कसे म्हणायचे? दुर्बिणीने मारले का? वाचवता आले असते का? मामांच्या मुलांना तपासून घ्यावे का? आणि शेवटी, जाता जाता, मामी अजून म्हणतात की माझ्या भाताच्या गोळ्याने घात केला.

मी पोटविकारतज्ज्ञ आहे. गेली २२ वर्षे दुर्बिणी टाकतो आहे. रक्ताच्या उलट्यांचे पेशंट किती पाहिले याची मोजदाद नाही. हा आजार खात्रीने पाहिला तो पाच वेळा. त्यातला एक माणूस आज हयात आहे. मामांचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांबद्दल निवाडा देणार नाही. आजाराबद्दल मात्र सविस्तर सांगतो.

अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत जाणारी साधारण २५ सेंटीमीटरची मऊ स्नायूंची नळी. छातीत ती मणक्याच्या पुढून उतरते आणि वाटेत तिची सोबत करते ती महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. समोरच्या दातांपासून मोजले तर २२ ते २५ सेंटीमीटरवर महाधमनीची कमान अन्ननलिकेला डावीकडून टेकते. दुर्बीण टाकताना तिथे आली की पडद्यावर भिंत ठोक्यागणिक हलताना दिसते. शिकाऊ डॉक्टरांना मी ते मुद्दाम दाखवतो. तिथे नळी थोडी अरुंदही असते, त्यामुळे गिळलेली अणकुचीदार वस्तू घशातून सुटली तर पुढे अडकण्याची एक जागा नेमकी तीच. दोन नळ्यांमध्ये अंतर किती? काही मिलिमीटर. शिवाय आतड्याला बाहेरून जे पातळ, चिवट आवरण असते, ते अन्ननलिकेला नसतेच. आतून भिंत फुटली की पू, लाळ, तोंडातले जंतू थेट छातीच्या मधल्या पोकळीत उतरतात.

काटा दर वेळी भाल्यासारखा आरपार जाऊन धमनीत घुसतो असे नाही. तसे झाले तर रक्त तेव्हाच येते. जास्त करून काटा भिंतीत अर्धा रुतून बसतो. भोवती सूज येते, मग पू होतो, भिंत कुजत जाते आणि तो कुजका भाग शेजारच्या धमनीच्या भिंतीपर्यंत पोहोचतो. याला काही दिवस लागतात, कधी दोन-तीन आठवडेही. मामांचे नऊ दिवस या हिशोबात चपखल बसतात. काटा सापडला नाही याचेही नवल वाटू देऊ नका. भोवतालचे मांस सडले की काटा सैल होतो आणि खाली निघून जातो, किंवा उलटीच्या रक्तात वाहून जातो. काटा गेला, भोक राहिले. शवविच्छेदनात अन्ननलिकेत व्रण, त्याच्या समोर धमनीत छिद्र आणि नऊ दिवसांपूर्वीची अडकल्याची स्पष्ट हकीकत, हे तिन्ही जुळत असतील तर मी तरी दुसरे कारण शोधत बसणार नाही.

आता रक्ताबद्दल. तालुक्याच्या गावी 'लिव्हरचे रक्त' का म्हणाले, याचे उत्तर इथेच आहे.

आपल्याकडे रात्री रक्ताची मोठी उलटी घेऊन माणूस आला की कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरच्या डोक्यात दोनच गोष्टी येतात. एक, जठराचा किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीचा अल्सर. दुसरी, यकृत खराब झाल्याने अन्ननलिकेत फुगलेल्या नीला, ज्यांना आम्ही व्हेरिसेस म्हणतो. मोठ्या उलट्यांपैकी बहुतेक यातल्याच असतात, म्हणून तसे वाटणे चूक नाही. पण व्हेरिसेस फुटतात त्या नीलांच्या दाबाने. यकृताच्या शिरांमधला तो दाब पाऱ्याच्या १२ मिलिमीटरच्या वर गेला की फुटण्याचा धोका सुरू होतो. महाधमनीतला दाब म्हणजे आपण दंडावर मोजतो तेच बीपी, १२०. दहापट. हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलते आणि मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असते तेही साधारण तेवढेच. महाधमनीला दोन-तीन मिलिमीटरचे भोक पडले तर पुढे काय होते हे सांगायला नको.

मग पहिल्या वेळी रक्त थांबते कसे? सगळ्यात फसवी गोष्ट हीच. भोक लहान असते. रक्त गेल्याने बीपी पडते, धमनीची भिंत आक्रसते, भोवती साकळलेले रक्त बाहेरून दाबते आणि भोकात गुठळीचे बूच बसते. उलटी थांबते. माणूस पांढराफटक पडतो, पण शुद्धीवर असतो. मग आम्ही सलाईन लावतो, रक्त चढवतो, बीपी ८० वरून १३०-१४० वर आणतो. नातेवाईकांना हायसे वाटते, आम्हालाही वाटते. आणि ज्या बुचावर सगळे तोलून धरलेले असते, त्याच्यावर आपणच दाब वाढवलेला असतो. गुठळी कधी तासाभरात सुटते, कधी दोन दिवसांनी, क्वचित आठवड्यानंतरही.

या पहिल्या, थांबणाऱ्या रक्ताला वैद्यकात वेगळे नाव आहे. पहारेकऱ्याची हाक असा त्याचा भाव. छातीत मधोमध दुखणे किंवा गिळताना अडखळणे, मग लाल रक्ताची एक उलटी, मग काही काळ काहीच नाही आणि शेवटी प्रचंड रक्तस्राव, हा क्रम १९१४ मध्ये हान्स कियारी यांनी मांडला. यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या नीला बंद होण्याच्या आजाराला जे बड-कियारी नाव आहे, त्यातले कियारी हेच. हे गृहस्थ विकृतिशास्त्रज्ञ होते, म्हणजे रोगी त्यांच्यापुढे यायचा तो शवविच्छेदनाच्या टेबलावर. जिवंतपणी निदान करून माणूस घरी पाठवण्याचा काळ अजून दूर होता. पहिली नोंद तर त्याच्याही आधीची, १८१८ सालची, बैलाच्या मांसातले हाड गिळलेल्या एका फ्रेंच सैनिकाची. आणि गिळलेल्या वस्तूमुळे असा फिस्टुला होऊनही माणूस जगल्याची पहिली नोंद हाँगकाँगच्या सर्जननी छापली ती १९८० मध्ये. मधे १६२ वर्षे गेली. हे आकडे मी तुमच्या समाधानासाठी देत नाही. 'वाचवता आले असते का' या प्रश्नाकडे कुठल्या पायरीवर उभे राहून पाहायचे हे कळावे म्हणून देतो.

हा क्रम सगळ्यांत पुस्तकाबरहुकूम दिसत नाही, हेही सांगून ठेवतो. काहींना दुखतच नाही. काहींची पहिली खूण म्हणजे डांबरासारखी काळी शी. मामांना मात्र सगळेच होते आणि ज्या क्रमाने व्हायला हवे त्याच क्रमाने झाले. मागे वळून पाहताना ते फार स्पष्ट दिसते. रविवारी रात्री एकला, झोपेतून उठून आलेल्या डॉक्टरला तसे दिसत नाही.

माझेच सांगतो. मी रेसिडेंट असताना रात्रपाळीला एक बाई आल्या होत्या, साठीच्या. दोन वाट्या लाल रक्ताची उलटी, नंतर शांत. सूनबाई म्हणाल्या, "आईंची कवळी आठ दिवसांपासून सापडत नाही." मी ते ऐकले आणि हसलो. तारेची अर्धी कवळी होती ती. म्हातारपणी माणसे काय काय हरवतात, असे काहीतरी मी बोललोसुद्धा. केसपेपरवर अल्सर लिहिले, पित्त कमी करणारे इंजेक्शन सुरू केले, दुर्बीण सकाळच्या यादीत टाकली. पहाटे साडेचारला वॉर्डातून हाक आली. मी जिना चढून पोहोचेपर्यंत पलंगाखाली रक्ताचे थारोळे होते. नंतर एक्स-रे पाहिला, जो रात्री काढून लिफाफ्यातच पडून होता. छातीच्या मधोमध तार चकाकत होती. त्या दिवसापासून रक्ताच्या उलटीच्या प्रत्येक पेशंटला मी तीन प्रश्न विचारतो: गेल्या महिनाभरात काही अडकले होते का, छातीत किंवा पाठीत दुखते का आणि महाधमनीवर कधी काही उपचार झाला आहे का. तिन्हींना मिळून अर्धे मिनिट लागते.

दुर्बिणीने मारले का? सरळ उत्तर: दुर्बिणीने भोक पाडले नाही, पण बूच उडायला ती निमित्त होऊ शकते. तपासताना आम्ही आत हवा भरतो म्हणजे नळी फुगते, पाण्याचा फवारा मारतो, माणूस ओकाऱ्या काढतो आणि त्या जोराने बीपी चढते. यातले काहीही गुठळी सोडवायला पुरते. पण दुर्बीण टाकली नसती तर गुठळी टिकली असती असेही म्हणता येत नाही. ज्या पेशंटना कोणी हात लावला नाही तेही असेच गेले आहेत, त्या कवळीवाल्या बाईंसारखे. मला जर दुर्बिणीत २५ सेंटीमीटरच्या आसपास डाव्या भिंतीवर घट्ट चिकटलेली गुठळी दिसली, किंवा भिंत निळसर-करडी होऊन ठोक्यासरशी फुगताना दिसली, तर मी त्या गुठळीला धुवत नाही, हलवत नाही, तुकडाही घेत नाही. हळूच बाहेर येतो आणि फोन उचलतो.

खरे तर हा संशय आला की दुर्बीण आधी नकोच. आधी छातीचा सिटी अँजिओ. शिरेतून डाय देऊन, तो धमन्यांत असतानाच काढलेला स्कॅन. रक्त धमनीतून अन्ननलिकेत जाताना प्रत्यक्ष दिसणे दुर्मीळ, कारण त्या क्षणी बूच बसलेले असते. आम्ही शोधतो ते आजूबाजूचे पुरावे: धमनीशेजारी हवेचे बुडबुडे, तिच्या भिंतीला आलेला छोटा फुगा, दोन नळ्यांमधला चरबीचा पातळ पडदा पुसला गेलेला, आणि काटा अजून असेल तर काटा. साध्या एक्स-रेत माशाचे काटे बहुतेक वेळा दिसतच नाहीत. 'एक्स-रे नॉर्मल आहे, काटा नाही' हे वाक्य मी पेशंटच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की त्याची चीड येते. सिटीमध्ये ते पांढऱ्या रेघेसारखे उठून दिसतात. आणि सिटीत काही सापडले नाही, पण हकीकत अशी बोलकी असेल, तर तेवढ्यावर माणसाला घरी सोडू नये.

म्हणून तुमच्या चौथ्या प्रश्नाला माझे उत्तर असे. रविवारी रात्री अकराच्या पुढे मामांना वाचवण्याची शक्यता होती, पण लहान. ती वाट साधारण अशी गेली असती: रात्रीच कोणीतरी काट्याची हकीकत आणि लाल रक्त यांची सांगड घातली, बीपी मुद्दाम ९०च्या आसपास राहू दिले, रक्ताच्या पिशव्या तयार ठेवल्या, १०८ने डॉक्टरसह मोठ्या शहरात नेले, पहाटे सिटी अँजिओ झाला आणि सकाळी धमनीत स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे भोक आतून झाकणारी अस्तराची नळी, बसवणारी टीम हजर होती. यातली एक कडी निसटली की पुढचे सगळे निसटते. तालुक्याच्या ठिकाणी रात्री सिटी आहे का, तो वाचणारा रेडिओलॉजिस्ट आहे का, रक्तपेढीत त्या गटाच्या सहा-आठ पिशव्या आहेत का? कोकणातून घाट चढून किंवा मुंबईपर्यंत जायला लागणारा वेळ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सोमवारची सकाळ हातात होती, हे खरे. ती सकाळ म्हणजे खात्रीचा जीव होता, हे खरे नाही.

जो एक माणूस वाचला त्याची गोष्ट सांगितली तर उपचार म्हणजे काय ते कळेल. चाळिशीतला ट्रकचालक. ढाब्यावर कोंबडीचे हाड अडकले, गिळताना कळ यायची, तरी बारा दिवस गाडी चालवत राहिला. रक्ताची उलटी झाली ती नशिबाने मोठ्या शहराच्या वेशीवर. सिटीत महाधमनीला शेंगदाण्याएवढा फुगा आणि शेजारी हवा. त्याच दिवशी जांघेतल्या धमनीतून तार सरकवून, कापडाचे अस्तर असलेली जाळीची नळी आतून बसवली आणि भोक झाकले. तासाभराचे काम. नातेवाईक पेढे आणायला निघाले होते, मीच थांबवले. कारण हे अस्तर म्हणजे पुढच्या लढाईसाठी उसना घेतलेला वेळ असतो. एका बाजूला परके कापड, दुसऱ्या बाजूला सडकी अन्ननलिका आणि तोंडातले सगळे जंतू. तसेच सोडले तर ग्राफ्टला पू लागतो आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा तेच. म्हणून पुढे जंतूंवरची आणि बुरशीवरची औषधे, मग छाती उघडून अन्ननलिकेचा खराब भाग काढला, मानेवर लाळेसाठी तोंड काढले, पोटातून आतड्यात खाण्याची नळी घातली. अडीच-तीन महिने त्याने तोंडाने घोटभर पाणीही घेतले नाही. मग जठर वर ओढून मानेत जोडले. आज तो थोडे थोडे, सहा वेळा खातो. गाडी सोडली, टपरी टाकली आहे. इतके सगळे करूनही असे अनेक पेशंट जातात, हे मी नातेवाईकांना पहिल्याच दिवशी सांगतो.

इथपर्यंत काट्याबद्दल बोललो, कारण तुमची हकीकत काट्याची. जगभरच्या नोंदींमध्ये पहिला क्रमांक मात्र काट्याचा नाही. १९९१ मध्ये सुमारे ५०० पेशंटचा जो मोठा आढावा छापला गेला, त्यात निम्म्याहून थोडे जास्त छातीतल्या महाधमनीच्या फुग्यामुळे होते. फुगा वाढत वाढत अन्ननलिकेला घासतो आणि फुटतो. गिळलेली वस्तू साधारण पाचात एक, अन्ननलिकेचा कर्करोग सहात एक. अलीकडे त्यात एका नव्या गटाची भर पडली आहे: ज्यांच्या महाधमनीत आधीच स्टेंट ग्राफ्ट आहे त्यांच्यापैकी थोड्यांना पुढे महिन्या-वर्षांनी हाच फिस्टुला होतो. असा ग्राफ्ट बसवलेल्या माणसाला कारण सापडत नसलेला ताप आणि थोडेसे रक्त, एवढे पुरे; पुढचा फोन व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या, सर्जनला. आपल्याकडे क्षयाच्या गाठीही छातीत अशी वाट पोखरू शकतात.

आणखी एक दुर्मीळ प्रकार आयसीयूवाल्यांसाठी. शंभरात साधारण एका माणसाच्या उजव्या हाताची मुख्य धमनी जन्मतःच चुकीच्या ठिकाणाहून निघून बहुधा अन्ननलिकेच्या मागून जाते. एरवी तिचा त्रास नसतो, बहुतेकांना ती आहे हेही कळत नाही. पण अशा माणसाच्या नाकातून जठरात नळी आठवडेच्या आठवडे राहिली तर मधली भिंत दोन्हीकडून चेपून झिजते. नळी काढायला वेळ लागणार असेल तर पोटातून घाला, एवढेच म्हणतो.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र मी थांबून बोलणार, कारण इथे घरच्यांच्या हातात पुष्कळ आहे. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या. त्यातही २० मिलिमीटरची, रुपयाच्या नाण्याएवढी लिथियम बॅटरी. रिमोट, गाडीची चावी, वजनकाटा, गाणारे खेळणे आणि दिवाळीत मिळतात त्या प्लॅस्टिकच्या एलईडी पणत्या, यांत ती असते. ती अन्ननलिकेत अडकली की ओल्या भिंतीतून वीज वाहू लागते आणि ऋण बाजूला कॉस्टिक सोड्यासारखा क्षार तयार होतो. बॅटरी फुटावी लागत नाही. दोन तासांत भाजायला सुरुवात होते. एक्स-रेत ती नाण्यासारखी दिसते, पण कडेला दुसरे वर्तुळ असते. ते पाहिले नाही तर 'नाणे आहे, सकाळी काढू' म्हणून रात्र जाते. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, गिळून बारा तासांच्या आत असेल आणि मध गिळू शकत असेल, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाने जळणे मंदावते. पण मधासाठी दुकान शोधत थांबायचे नाही; ओकारी काढायला लावायची नाही. आणि बॅटरी काढली म्हणजे झाले असेही नाही. भाजलेली भिंत पुढे दिवस-आठवडे सडत राहू शकते आणि शेजारी महाधमनी असतेच. बॅटरी काढलेल्या मुलाला नंतरच्या तीन-चार आठवड्यांत थुंकीत, उलटीत थोडे जरी रक्त दिसले तरी ते नाकातले समजू नका. त्याच क्षणी मोठे रुग्णालय.

काटा अडकल्यावर काय करायचे, हे तुम्ही विचारले नाही, पण कोकणातल्या घरात तेच कामाचे. घशातले टोचणे पुष्कळदा नुसत्या ओरखड्याचे असते आणि दिवसभरात जाते. बोट ठेवून 'इथे' असे गळ्यात दाखवता येत असेल तर कान-नाक-घसावाले डॉक्टर आरशाने पाहून चिमट्याने काढतात. पण टोचणे गळ्याच्या खाली, छातीत गेले, लाळ गिळवत नाही, पाठीत दुखते, ताप येतो, तर ते पोटविकारतज्ज्ञाचे काम आणि उद्याचे नव्हे. अन्ननलिकेत अडकलेली अणकुचीदार वस्तू दोन तासांत काढावी, काही झाले तरी सहा तासांच्या आत, असे आमच्याकडचे मार्गदर्शन सांगते. एक दिवस उलटला की गुंतागुंत झपाट्याने वाढते. भाताचा गोळा, केळे, भाकरीचा मोठा घास, व्हिनेगर यातले काही नको. घशात सैल बसलेला काटा गोळ्याबरोबर जाईलही, पण भिंतीत रुतलेला असेल तर गोळा त्याला आणखी आत ढकलतो. शिवाय पोट भरलेले असले की भूल देताना आमची पंचाईत.

मुलांना तपासायचे का? काट्याने झालेला फिस्टुला आनुवंशिक नसतो. फक्त एक करा: शवविच्छेदनाच्या अहवालात महाधमनी मुळातच फुगलेली होती असे काही लिहिले आहे का ते बघा. तसे असेल तर मुलांची एकदा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि बीपी तपासणी करून घ्यावी, कारण धमनीचे फुगे काही घराण्यांत चालतात. नसेल तर काही करू नका. अहवालाची पूर्ण प्रत मिळवून ठेवा, नुसता शेवटचा निष्कर्ष नव्हे.

राहिल्या मामी. भाताच्या गोळ्याने काटा रुतला की आधीच रुतलेला होता, हे आता कोणालाच सांगता येणार नाही, शवविच्छेदन करणाऱ्यालाही नाही. तांबोशीचा जाड काटा पहिल्याच घासाबरोबर रुतू शकतो. त्यांनी जे केले ते किनारपट्टीवरच्या प्रत्येक घरात करतात; माझ्या आईने माझ्यासाठी केले आहे आणि तेव्हा मी वाचलो म्हणून आमच्या घरात त्याला औषध म्हणतात. नऊ दिवसांत छातीतल्या दुखण्याला तीन जणांनी ॲसिडिटी म्हटले असेल, त्यात डॉक्टरही होते. सगळा भार एका गोळ्यावर टाकणे हिशोबाने चूक आहे. हे त्यांना फोनवर सांगू नका, जवळ बसून सांगा. एकदा सांगून त्यांना पटणार नाही, त्या पुन्हा विचारतील. पुन्हा हेच सांगा.